उलटी गाठ

परवा नातसुनेनं बाजारातून मिरचीच्या बियांचं पाकीट आणलं. वर लालभडक मिरच्यांचं चित्र, कोपऱ्यात चकाकणारा गोल ठसा आणि खाली बारीक अक्षरांत इशारा, की हा ठसा पाहूनच माल घ्या, नकलांपासून सावध राहा. तिनं इशारा वाचला नाही, ठसाही पाहिला नाही. पाकिटाचा कोपरा दातांत धरला आणि टर्रकन फाडला. मला हसू आलं, आणि मग मी ते फाटकं पाकीट हातात घेऊन पाहत बसले. "काय झालं, आजी?" तिनं विचारलं. म्हटलं, काही नाही. सांगायला अख्खी दुपार लागली असती आणि तिला वाफे करायचे होते. ती दुपार मी आता इथं कागदावर खर्च करते आहे.

आमचं घर कामरगावच्या शिवारात, नाल्याकाठच्या मळ्यात होतं. कुडाच्या तीन खोल्या, पुढं सारवलेला ओटा, मागं विहीर. उजाडायच्या आधी मोटेचं चाक कुरकुरायला लागायचं आणि त्या कुरकुरीवर बा बैलांशी गप्पा मारायचा. माणसांशी तो तेवढं बोलत नसे. माय मेथीच्या जुड्या बांधत असायची, तिच्या बांगड्यांचा आवाज आणि पाटात सुटलेल्या पाण्याचा आवाज एकदमच यायचा. न्याहारीला ज्वारीची भाकर आणि ठेचा. थंडीत मात्र रोजचं भरीत. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, त्यात कांद्याची हिरवी पात आणि वरून कच्चं तेल. ते वांगं आमच्या घरचं होतं आणि पंचक्रोशीत तसं वांगं दुसरं नव्हतं. हे मी कौतुकानं सांगत नाही, लोक सांगायचे.

त्या वांग्याची मालकीण सोना आत्या. बाची थोरली बहीण. लग्न होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच नवरा पटकीनं गेला आणि ती माहेरी आली. सासरच्यांनी अंगावरचे दागिने उतरवून घेतले. पदराच्या टोकाला तिनं तिथल्या काटेरी वांग्याचं मूठभर बी बांधून आणलं होतं, ते काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्या मुठीवर तिनं आमच्या घरातली आपली जागा उभी केली. झाडावरची निवडक वांगी ती पिवळीधम्म होईस्तोवर तोडू द्यायची नाही. मग ती चिरून, बी पाण्यात चोळून, तळाशी बसेल तेवढंच ठेवायचं, वर तरंगेल ते गुरांपुढं. राखेत घोळवून सावलीत सुकवायचं. पुढं वांग्याबरोबर मिरची आली, दोडकं आलं. लांबलांबचे लोक बी न्यायला यायचे, आणि बाजारात बी देताना आत्या ते जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून द्यायची. ती पुरचुंडी आणि तिची ती गाठ.

गाठ अशी होती की दिसायला निरगाठीसारखी घट्ट, हलवली तरी हलत नसे, पण तिचं एक शेपूट बाहेर असायचं. ते एकदा ओढलं की सगळी गाठ सुटून धागा हातात. दात नको, विळा नको. आणि एकदा सुटली की पुन्हा तशी कुणालाच बांधता यायची नाही. म्हणजे मधे कुणी पुरचुंडी उघडून भेसळ केली तर लगेच कळायचं. बाजारात लोक तिला "सोनाची गाठ" म्हणायचे. बी कसं आहे हे कुणी विचारत नसे. "सोनाची गाठ हाय का?" एवढंच विचारायचे. माय एकदा म्हणाली, "वन्सं, मलेबी शिकवा ना, दोघी मिळून बांधू." आत्या म्हणाली, "बी कोनालेई देईन. गाठ नाई देनार."

आत्या डावखुरी होती. जेवायची उजव्या हातानं, कारण लहानपणी डाव्या हातावर पळीचे चटके खाल्ले होते. पण गाठ तिला डाव्या हातानंच यायची आणि बी-बियाण्याच्या कामात डावा हात अशुभ, म्हणून ती सगळ्यांना पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बांधायची. तिच्यासमोर, भिंत आणि ती यांच्या मधल्या बोळकांडीत बसायची परवानगी एकटीला होती. मला. मी धाग्याचे तुकडे तिच्या हातात द्यायची. मी तेव्हा तेरा वर्षांची, अंगानं दांडगी आणि जिभेनं त्याहून दांडगी होते. तिची बोटं पाहून पाहून मी गाठ शिकले. तिनं शिकवली नाही. मी चोरली, असंच म्हणायला हवं.

चोरलेली वस्तू मिरवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि मिरवायला भुलाबाईचे दिवस आले. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरायचो आणि शेवटी खिरापत ओळखायची. यजमानीण डबा झाकून आणायची, आम्ही तो कानाशी धरून हलवायचो आणि आवाजावरून सांगायचो, फुटाणे, मुरमुरे, रेवड्या. आमच्या घरी खिरापत होती त्या दिवशी मी डबा घेतलाच नाही. भाजलेल्या तिळाचे लाडू कापडात घट्ट बांधले, वर आत्याची गाठ मारली आणि पोरींपुढं ठेवली. हलवा किती हलवायचं ते! आवाजच येईना. गाठही सुटेना. सगळ्या हरल्या. मी शेपूट ओढलं आणि गाठ सुटली. पोरींनी डोळे मोठे केले तेव्हा मला जे सुख झालं, त्यासारखं सुख पुढं लग्नातही झालं नाही.

चंद्री माझी जिवाची मैत्रीण. गावातल्या बाजारचौकात तिच्या बापाचं, दौलतजीचं, दुकान होतं. दोर, घमेली, गूळ आणि हंगामात बी-बियाणं. दुसऱ्या दिवशी ती नाल्यावर माझ्या मागं लागली. "कौसे वं, मले शिकव ना. कोनाले नाई सांगनार. भुलाबाईची आन." मी भाव खाल्ला, तिच्याकडून दोन रेवड्या उकळल्या आणि तिला शेजारी बसवून शिकवली. मला एक खोड होती. गाठ मारण्याआधी मी धाग्याचं टोक जिभेवर ओलं करायची. आत्यानं ते पाहिलं असतं तर थोबाडीत मारली असती, बियाला उष्टं चालत नाही. चंद्रीनं माझी खोडही उचलली. तिला वाटलं, तोही गाठीचाच भाग आहे. सात-आठ दिवसांत तिची बोटं माझ्याइतकी चालायला लागली.

पुढचा उन्हाळा सरत आला होता. रोपांसाठी वाफे टाकायचे दिवस. एका सकाळी आसेगावचा एक कास्तकार आला. पुंजाजी त्याचं नाव. त्या गावचं कुणी याआधी आमच्याकडं आलेलं नव्हतं. त्यानं बैलगाडी मळ्याच्या तोंडाशीच सोडली, चालत आला, राम राम नाही की पाणी नाही. खिशातून एक मोकळी आणि एक बांधलेली अशा दोन पुरचुंड्या काढून ओट्यावर आपटल्या.

"सोनाबाई कोन हाय?"

आत्या पुढं झाली. "मीच."

"बाई, तुह्या नावावर मिरचीचं बी घेतलं. तीन वाफे टाकले. येक मोड आला नाई. आमच्या गावात सात घरी हेच झालं. आता पाऊस तोंडावर आला, रोप आनू कोठून? आमी का तुह्या गाठीले पुजाव?"

बा मोट सोडून धावत आला. माय दारात थिजली. आत्यानं मात्र त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही. तिनं बांधलेली पुरचुंडी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि फिरवून पाहिली. "हे माही गाठ नोहे," ती म्हणाली.

"तशीच त हाय!"

"तशीच हाय. पन उलटी हाय. माही शेपूट डाव्या अंगानं निंगते. याची उजव्या अंगानं निंगून राह्यली." तिनं शेपूट ओढलं. गाठ सुटली. आतलं बी तळहातावर घेऊन तिनं नखानं दाबलं. पोकळ, काळपट, दोन-तीन वर्षांचं मेलेलं बी. तिनं ते पुंजाजीपुढं धरलं. "भाऊ, हे कोठून घेतलं?"

"मंगरूळच्या बाजारात. दौलतजीच्या मानसापाशी."

मी ओट्याच्या खांबाला धरून उभी होते. पुरचुंडी पाहताक्षणीच मला कळलं होतं. शेपूट उजवीकडं. माझी गाठ. आत्यासमोर बसून शिकले म्हणून आरशातल्यासारखी उलटी झालेली, आणि उलटी झाली आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. पुंजाजीला आत्यानं घरातलं बी दिलं, पाणी दिलं, आणि तो गेल्यावर सरळ उभी राहून म्हणाली, "ज्यानं हे केलं त्याची गाठ आता माह्याशी हाय." बाहेर बैलांच्या घंटांचा आवाज लांब जात होता. मी काही बोलले नाही.

बोलले नाही ते तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत काय काय झालं ते आठवलं की आजही ठसका लागतो. बाजारात आत्यापुढून लोक सरळ जायला लागले. एका बाईनं हातात घेतलेली पुरचुंडी परत ठेवली आणि हात पदराला पुसला. कुणीतरी मागून म्हणालं, "पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचं बी, उगवन कसं?" इतकी वर्षं तेच हात चालत होते तेव्हा कपाळ कुणाला दिसलं नव्हतं. आत्या त्या दिवशी सगळं बी तसंच घेऊन परत आली, जेवली नाही, आणि चुलीपुढं बसून मायला म्हणाली, "वहिनी, बी जाईन त मी ह्या घरात कायची? भाकरीची धनी." मायनं तिला जवळ घेतलं. सांगावं असं रोज वाटायचं आणि रोज जीभ टाळ्याला चिकटायची.

मी चंद्रीला नाल्यावर गाठलं. ती धुणं सोडून पळायला निघाली, मी तिची वेणी धरली. "तुवं बापाले शिकवली?"

"म्या नाई शिकवली! त्यानं माह्या हातात पाह्यली. भुलाबाईच्या पुरचुंडीवर. मंग म्हने, बांध. मी अन् काकू दिसभर बांधून राह्यलो. बोटं फुटली पाह्य." तिनं बोटं दाखवली. खरंच फुटली होती. "कौसे, तू बोलशीन त माहा बा मले जित्ती गाडन. तू बोलू नको वं."

मी तिची वेणी सोडली. बोलणार नाही, असं वचनही दिलं. तेरा वर्षांच्या पोरीनं एका दमात दोन्हीकडून स्वतःला बांधून घेतलं.

बा तालुक्याच्या गावी जाऊन एका वकिलाला भेटला. वकील एकदा आमच्या मळ्यातही आले, भरीत-भाकर खाल्ली आणि ओट्यावर बसून बाला समजावून सांगितलं. ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं, कारण असं काही असतं हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. "हे बघा सदाशिवराव, वांगं कोणाच्या मालकीचं नसतं. मिरचीचं बी उद्या कोणीही विकेल. पण ज्या खुणेवर लोक तुमचा माल ओळखतात, ती खूण तुमची. ती दुसऱ्यानं आपल्या मालावर लावली तर तो गुन्हा आहे. सरकारात त्याला कलम आहे. फक्त ही खूण मुळात तुमच्याच घरची, हे सिद्ध करावं लागेल." आत्या आडून ऐकत होती. तिनं तिथूनच विचारलं, "गाठीले सात-बारा असते का जी?" वकील हसले. बा हसला नाही.

फिर्याद झाली. शिपायांनी दौलतजीच्या दुकानाची झडती घेतली तेव्हा गुळाच्या ढेपांमागं दोन पोती भरून पुरचुंड्या निघाल्या. गाव दोन तुकड्यांत उभा फाटला. दौलतजी चौकात बसून म्हणायचा, "गाठ का कोनाच्या बापाची हाय? उद्या म्हनतीन, पदर खोचाचा नाई, आमीच पहिले खोचला."

सुनावणीच्या दिवशी बंडीत बा, आत्या आणि मी. मला आत्यानं नेलं. "धागे द्याले कोनी लागन," एवढंच म्हणाली. वाटेत ती धाग्याचे तुकडे मोजून माझ्या ओच्यात बांधत राहिली.

कचेरी म्हणजे लांबट खोली, वरती कापडी पंखा, दोरी ओढणारा पेंगत होता. टेबलावर पुरचुंड्यांचे दोन ढीग, मधे खुणेची चिठ्ठी. साहेब गोरा नव्हता, आपल्यातलाच, चष्मा लावलेला, सर्दी झालेली. दर दोन वाक्यांनी नाक पुसायचा. दौलतजी पांढरा फेटा बांधून एका बाजूला उभा. त्याच्यामागं बाकावर चंद्री बसलेली होती, नवं लुगडं नेसून, मान खाली. ती त्यांची साक्षीदार होती.

साहेबांनी विचारलं, "बाई, या दोन गाठींत फरक काय?"

"शेपूट जी. माही डाव्या अंगानं, त्याची उजव्या."

दौलतजीचे वकील लगेच उठले. फार गोड बोलायचे. "साहेब, आणखी काय हवं? फिर्यादीच म्हणते, गाठ वेगळी आहे. वेगळी असेल तर नक्कल कसली?" साहेबांनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. आमच्या वकिलांचा चेहरा उतरला. एवढ्या बारीक फरकावरच आपला डाव उलटेल हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मग ते गोड वकील आत्याकडं वळले. "एक बांधून दाखवा बरं, बाई."

मी धागा दिला. आत्यानं पुरचुंडी हातात घेतली आणि थांबली. खोलीत भिंतीकडं तोंड करता येत नव्हतं, चहूकडं माणसं. तिनं उजव्या हातानं सुरुवात केली, बोटं अडखळली, धागा गळून पडला. कुणीतरी खाकरलं. तिनं डोळे मिटले, धागा उचलला आणि डाव्या हातानं गाठ बांधली. एका श्वासात.

"अरेरे! डाव्या हातानं?" वकील म्हणाले. "लोकांच्या शेतात पेरायचं बियाणं, आणि डाव्या हातानं?" मागच्या माणसांत कुजबुज सुरू झाली. आत्यानं मान वर केली नाही. आयुष्यभर पाठ करून लपवलेली गोष्ट तिनं भर कचेरीत उघडी केली होती, ती माझ्यामुळं, माझ्या मूर्खपणामुळं, आणि मी पदराची चिंधी करत उभी होते.

चंद्रीला उभं केलं. वकिलांनी विचारलं, "ही गाठ तुला येते?" ती म्हणाली, "येते." "गावातल्या इतर पोरींना?" ती पढवल्यासारखी म्हणाली, "आमी सगळ्या पोरी बांधतो. भुलाबाईत." वकील साहेबांकडं वळले, "पोरींचा खेळ आहे, साहेब. त्याच्यावर कोणाचा हक्क?" साहेबांनी लेखणी दौतीत बुडवली. ती लेखणी कागदाला टेकली की आत्या घरी परतून चुलीपुढं बसणार आणि पुन्हा कधी उठणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

"खोटं हाय!" माझा आवाज मलाच परका वाटला. "सगळ्या पोरीले नाई येत. येकीलेच येते. म्या शिकवली तिले. म्या आत्याची चोरली अन् तिले शिकवली."

शिपाई मला धरायला आला. बा उभा राहिला होता, त्याचं तोंड उघडंच होतं. साहेबांनी हात वर करून शिपायाला थांबवलं, नाक पुसलं. "तुझी शेपटी कोणत्या बाजूला निघते, पोरी?"

"उजव्या. मी आत्याच्या समोर बसून पाह्यली म्हून उलटी झाली. मले ठावच नव्हतं. माही चुकी तिच्या हातात गेली, अन् तिच्यापासून त्या पोत्यात."

साहेबांनी चष्मा काढला. मग त्यांनी आम्हा दोघींना पाठीला पाठ लावून जमिनीवर बसवलं आणि दोघींच्या हातात एकेक पुरचुंडी दिली. चंद्रीची पाठ माझ्या पाठीला लागली होती. "बांधा," साहेब म्हणाले. मी धाग्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि गाठ मारायला लागले. तेवढ्यात खोलीत हशा पिकला. मला वाटलं, मला हसताहेत. नंतर बानं सांगितलं की दोघींनी एकाच वेळी धागा जिभेला लावला, एकाच वेळी डोकं वाकडं केलं आणि दोन्ही शेपट्या उजव्या अंगानं निघाल्या. माझी खोडसुद्धा दुकानात जाऊन पोहोचली होती.

"तुला कोणी शिकवली?" साहेबांनी चंद्रीला विचारलं. हशा थांबला. पंख्याची दोरी तेवढी कुरकुरत होती. दौलतजी तिच्याकडं एकटक पाहत होता. तिनं "सगळ्याच बांधतात" असं म्हटलं असतं तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला मी वचन दिलं होतं आणि ते भर कचेरीत मोडलं होतं, हे तिच्या डोळ्यांत होतं.

"कौसीनं," ती म्हणाली.

पुरचुंड्या जाळायचा हुकूम झाला, दौलतजीला दंड झाला, आणि त्या गाठीखाली दुसरं बी विकायला मनाई झाली. कचेरीच्या मागं पोती पेटवली तेव्हा आतल्या मिरचीच्या बियांनी सगळ्यांना ठसका लागला, साहेबांनाही. लोक खोकत, हसत घरी निघाले. दौलतजीनं चंद्रीचं मनगट असं धरलं की दोन बांगड्या पिचल्या. तिनं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. दिवाळीच्या आत त्यांनी दुकान मोडलं आणि बिऱ्हाड हलवलं. कुठं, ते कुणी म्हणे मेहकरकडं, कुणी म्हणे आणखी लांब.

परतताना नाल्यावर बंडी सोडली. बा बैलांना पाणी पाजायला गेला. आत्यानं शिदोरी उघडली, माझ्यापुढं भाकर ठेवली. मला रडू फुटलं. म्हटलं, "मार मले, आत्या."

"कायले? मले ठाव व्हतं."

"कवापासून?"

"आसेगावचा मानूस आला त्या दिशी. उलटी गाठ समोर बसनाऱ्याचीच असते, अन् माह्यासमोर तूच बसत व्हती."

"मंग बोलली काहून नाई?"

"तू बोलतं का ते पाहून राह्यली व्हती." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "आज नसती बोलली त मीबी नसती बोलली. बी गेलं असतं त गेलं असतं." मग तिनं कनवटीचा धागा काढला. "इकडं ये. समोर नाई. बाजूले बस."

त्या नाल्याकाठी तिनं मला तिच्या बाजूला बसवून गाठ शिकवली. माझी बोटं सरळ गाठीवर काही वळेनात. ती उलटीवरच जात राहिली आणि आजही जातात.

वकिलांनी सांगितलं होतं की पुन्हा कुणी असं करू नये म्हणून गाठीचं चित्र काढून सरकारात नोंदवा, म्हणजे कायमचा बंदोबस्त होईल. बानं अकोल्याच्या छापखान्यातून चिठ्ठ्या छापून आणल्या. वर "सोनाबाईची गाठ, असली बी", खाली गाठीचं चित्र. नोंद झाली, शिक्का बसला. घरी आल्यावर आत्यानं चिठ्ठी उजेडात धरली, आणि मी तिला तशी हसताना पुन्हा कधी पाहिली नाही. ठसा कोरणाऱ्यानं तिची गाठ लाकडावर जशीच्या तशी कोरली होती, छापल्यावर ती उलटी उमटली. शेपूट उजव्या अंगाला. "घ्या! आता सरकारात कौसीची गाठ असली अन् माही नकली." बा पुन्हा छापून आणतो म्हणाला, पण नोंद झाली होती. त्या वर्षापासून बाजारात जाणाऱ्या पुरचुंड्या मीच बांधायला लागले. आत्या बाजूला बसून मला धागे द्यायची. मधूनच एखादी आपल्या गाठीची बांधायची आणि घरातल्या मडक्यात टाकायची, आमच्याच मळ्यात पेरायला.

आत्या गेल्यावर बऱ्याच वर्षांनी शिरपूरच्या बाजारात मी बी घेऊन बसले होते. यात्रेकरूंची गर्दी होती. एक बाई ढिगापुढं वाकली. केस पिकलेले, हातात काचेच्या बांगड्या. तिनं एक पुरचुंडी उचलली, चिठ्ठीवरचं चित्र बराच वेळ पाहिलं, शेपूट ओढून ती उघडली आणि बी नखानं दाबून पाहिलं. मला चेहरा ओळखू आला नाही. बोटं ओळखू आली.

"बी खरं हाय ना, बाई?" तिनं विचारलं. मला 'बाई' म्हणाली. कौसे म्हणाली नाही.

"खरं हाय," मी म्हटलं. "चंद्रे..."

तिनं वर पाहिलं नाही. धाग्याचं टोक जिभेवर ओलं केलं, उघडलेली पुरचुंडी पुन्हा बांधली, ढिगात ठेवली आणि काहीही न घेता गर्दीत निघून गेली. मी उठून हाक मारेपर्यंत दिसेनाशी झाली होती. त्या दिवशी मी विकणं थांबवलं आणि तिनं बांधलेली पुरचुंडी ढिगात शोधत बसले. एकेक उचलून पाहिली. सगळ्यांची शेपटी उजव्या अंगालाच होती. तिची कोणती आणि माझ्या कोणत्या, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.